भरणे नाक्यावर थांबलेली गाडी

वेळणेश्वरला जाऊन आले म्हटलं की शाळेतल्या मैत्रिणी पहिल्यांदा समुद्राचं विचारतात. किनारा स्वच्छ आहे का, राहायची सोय कशी, देवळापाशी गाडी लावायला जागा मिळते का. मी सांगते ते सगळं दुसऱ्यांकडून ऐकलेलं असतं. मी समुद्र पाहिला तो उतारावरून, गाडीच्या काचेतून, आणि तेव्हाही माझं लक्ष शेजारी बसलेल्या बाबांकडे होतं. तरी हा प्रवास लिहून काढते आहे. जुनी गाडी घेऊन त्या बाजूला जाणाऱ्याला त्यातलं काही उपयोगी पडेल. बाकीचं माझ्यासाठी.

निघायचं कारण साधं होतं. बाबांना अक्काकडे जायचं होतं. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. दोघांची आई लवकर गेली, त्यामुळे बाबांना वाढवलं ते अक्कानंच. पुढे लग्न होऊन ती मंडणगड तालुक्यातल्या आमच्या गावाहून पार गुहागरकडे, वेळणेश्वरजवळच्या एका वाडीत गेली. बाबा मुंबईला गोदीत चिकटले. मग दोघांच्या भेटी लग्नात नाहीतर मयतीला. आत्याचे यजमान गेले तेव्हा बाबांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे तेव्हाही जाणं राहिलं. फोनवर मात्र रोज बोलायची दोघं. भात किती शिजवलास, पाय दुखतात का, असलंच.

"दोन दिस तिच्या पडवीत बसायचं," बाबा म्हणायचे. "बाकी मला काय नको."

मी गाडी शिकले ती चाळिशी उलटल्यावर. शाळेतले एक सर निवृत्त झाले, त्यांची डिझेलवरची जुनी गाडी घेतली. आत्याचा मुलगा मिलिंद विरारला असतो, माझ्याहून वर्षाभराने मोठा. त्याला हे पसंत नव्हतं. "जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं घरात आणणं," तो म्हणाला होता. मी ऐकलं नाही. त्याचं म्हणणं खोटं पाडायचंच असं काहीतरी तेव्हापासून माझ्या मनात बसलं होतं, हे आज कळतं.

गाडीबरोबर एक व्हॉट्सअॅप ग्रुपही आला. त्याच मॉडेलच्या गाड्या असलेल्या लोकांचा. कंपनीनं ती गाडी बनवणं बंद केलंय, त्यामुळे आम्ही सगळे एकमेकांना धरून असतो. कुणाच्या दारातून खडखड येते, कुणाचा क्लच जड झालाय, कुणाचा वायपर पाऊस नसताना आपोआप फिरतो. पुण्याचे एक काका आहेत, त्यांना काहीही विचारा, ते म्हणतात बॅटरीचं टर्मिनल घासा. नाशिकच्या एक डॉक्टरीणबाई टायरमधल्या हवेबद्दल रोज सकाळी बजावतात. आणि चिपळूणचे सावंत. ते कमी लिहितात, पण लिहिलं की सगळे वाचतात. यातल्या कुणालाही मी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

म्हाप्रळच्या पुढे

मे महिना, शाळेला सुट्टी. लोणेऱ्यापर्यंत हायवेनं गाडी तक्रार न करता आली. तिथून गोरेगाव, आंबेत करत सावित्री ओलांडली, म्हाप्रळ मागे पडलं आणि चढण सुरू झाली. पुढे जांभ्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक, रस्ता अरुंद, ओव्हरटेक करायची माझी हिंमत नाही. त्याच्यामागून रांगत जाताना एसीतून कोमट हवा यायला लागली. बघते तर तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकलेला.

एका आंब्याखाली गाडी घेतली. काट्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. थर्मोस्टॅट गेला. वॉटर पंप गेला. हेड गॅस्केट उडालं असेल, देव करो नि तसं नसो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, माझ्या मेहुण्याचं तोंड भाजलं होतं. पुण्याचे काका म्हणाले, टर्मिनल घासून बघा.

मग सावंतांचा निरोप आला. "ताई, थोडं थांबा. काटा उतरला की निघा. एसी बंद, सगळ्या काचा खाली, आणि हीटर पूर्ण सोडा. इंजिनची धग आत ओढली जाते. गावापर्यंत पोचाल."

मे महिन्यात, कोकणात, हीटर. मी बटण फिरवलं आणि दोघांच्या पायांवर भट्टीतल्यासारखा झोत आला. बाबांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

"थंड हवा खात जाऊ म्हणालीस," ते म्हणाले, "नि माझ्या पायाशी चूल पेटवलीस."

पण काटा उतरला. घामानं निथळत, खिडकीबाहेर तोंडं काढून, हसत आम्ही गावात पोचलो. त्या प्रवासात आम्ही हसलो ते तेवढंच, म्हणून सांगितलं.

मंडणगड

गावात आमचं घर आता चुलतभावाकडे आहे. बौद्धवाडीत विहाराला नवा रंग दिला होता, पौर्णिमेची तयारी चालली होती. मुंबईकर सुट्टीला आलेले, त्यामुळे वाडी भरलेली. आम्ही राहतो त्या डोंबिवलीत माझी गाडी रस्त्यात बंद पडली तर मागचे नुसते हॉर्न मारतात. इथं मी बॉनेट उघडलं आणि निम्मी वाडी जमा झाली. ज्यांनी जन्मात गाडी चालवली नाही तेसुद्धा आत डोकावून गेले. एकानं पाणी कमी आहे म्हटलं, दुसऱ्यानं गाडी थकलीय, तिला झोपू दे म्हटलं. कूलंटऐवजी साधं पाणी ओतावं की नाही यावर दोन भावांत चांगलंच वाजलं. शेवटी विहिरीचं गार पाणी ओतलं.

तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि कुळथाची पिठी जेवून बाबा अंगणात बसले आणि त्यांनी अक्काला फोन लावला. मी स्पीकर चालू करून दिला.

"पोचलो गो अक्का. उद्या दुपारच्याला तुझ्याकडं जेवायला."

"येस. वाट बघतंय." पुढे ती थांबली. श्वास लागल्यासारखा आवाज आला.

"धापा का टाकतंस?"

"पाणी आनलं आता, म्हणून. तुझं काय तरी! येताना सावकाश या."

बाबांचं समाधान झालं. माझंही झालं. नव्वदीकडे झुकलेल्या बाईनं पाणी कशाला भरलं असेल, मुलगा सून सुट्टीला घरी आलेले असताना, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. माझं डोकं काट्यात होतं.

खेड

दुसऱ्या दिवशी सकाळी खेडच्या अलीकडच्या घाटात गाडीनं हातच टेकले. बॉनेटच्या फटीतून वाफ, खाली पाण्याचं थारोळं. काजूच्या फांद्या वाहून नेणाऱ्या टेम्पोवाल्यानं दोर बांधून आम्हाला ओढत भरणे नाक्यावर आणलं. हा नाका म्हणजे हायवेवरचं खेडचं तोंड. एसट्या, रिक्षा, वडापाव, आणि ओळीनं गॅरेजं. त्यातल्या एकात गाडी लावली. मालक इक्बालभाई, पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी. त्यांनी पाइप चाचपले, टाकीत डोकावून पाहिलं आणि निदान केलं, "थर्मोस्टॅट. पाण्याची झडप असते ना, ती अडकलीय. पण या गाडीचा माल माझ्याकडं नाय. चिपळूणला मिळेल."

मी ग्रुपवर लिहिलं. सावंतांनी लगेच उत्तर दिलं की ओळखीच्या दुकानदाराचा आज बंदचा दिवस आहे, उद्या उघडल्या उघडल्या घेऊन ते स्वतः येतील. मी नको नको म्हटलं. त्यांनी फक्त अंगठा पाठवला.

दुपारी मिलिंदचा फोन आला. तोही सुट्टीला गावी आला होता. "कुठवर आलात?"

समोर माझी गाडी तोंड उघडून उभी होती. जुन्या गाडीचं त्याचं ते वाक्य माझ्या कानात होतं. आणि आत्याला कळलं तर ती उगीच घोर लावून घेईल, हेही होतं. दोन्हीतलं खरं कारण कुठलं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

"अरे, मंडणगडातच आहोत," मी म्हणाले. "बाबांना माणसं सोडेनात. आज राहतो, उद्या येतो."

त्यानं पुन्हा विचारलं, "नक्की उद्या?"

"नक्की. आत्या कशी आहे?"

"बरी आहे. जरा पाय सुजलेत. झोपलीय आता."

शेजारी खुर्चीवर बसलेले बाबा माझ्याकडे बघत होते. मी फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "खेडात हाव असं सांगायचं होतंस."

"कशाला त्यांना काळजी, बाबा?"

आम्ही नाक्यावरच्या लॉजवर खोली घेतली. संध्याकाळी जगबुडीच्या पुलापर्यंत चालत गेलो. उन्हाळ्यामुळे नदीत दगड वर आले होते, मधल्या डोहात बायका गोधड्या धूत होत्या. बाबांनी लहानपणी अक्काबरोबर खेडच्या बाजाराला चालत आल्याची गोष्ट सांगितली. वाटेत ते रडायला लागले की ती त्यांना खांद्यावर घ्यायची. तीसुद्धा पोरच होती तेव्हा.

सकाळी पुन्हा गॅरेजवर. इक्बालभाईंच्या घरून आमच्यासाठी नाश्ता आला, फणसाची सांदणं आणि नारळाचं दूध. आमच्याकडेही सांदणं करतात, पण त्यांच्यात वेलचीचा हात सढळ होता. बाबांनी दोनदा मागून घेतली आणि म्हणाले, "अक्काच्या हातची अशीच लुसलुशीत व्हायची."

मग सावंत आले. ग्रुपवरच्या त्यांच्या फोटोत टोपी घालून उभा असलेला धिप्पाड माणूस माझ्या डोक्यात होता. आले ते बारीक चणीचे, चष्मा लावलेले, हातात पिशवी. त्यांची गाडी आमच्याच मॉडेलची, आमच्याच रंगाची. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहिल्या तेव्हा जुळ्या बहिणींतली एक आजारी पडावी तसं दिसलं. त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला, थर्मोस्टॅट इक्बालभाईंच्या हातात दिला आणि मला बाजूला घेतलं.

"ताई, हे बसवून, ट्रायल घेऊन वेळ जाईल. काकांचं वय झालंय, उन्हात किती बसवणार? माझ्या गाडीत बसा. मी वेळणेश्वरला सोडून येतो. तुमची गाडी तयार झाली की इक्बालभाई फोन करतील, मग येऊन घेऊन जा. मला आज काही काम नाही."

वाचणाऱ्याला हा क्षण कसा वाटेल मला माहीत नाही. एक भला माणूस गाडीचं दार उघडून उभा होता. मला होय म्हणायचं होतं फक्त. पण ज्याला पहिल्यांदाच भेटतोय त्याला एवढ्या लांब न्यायला लावायचं, ही भीड आली. शिवाय मी परक्याच्या गाडीतून उतरले असते तर मिलिंदनं पहिलाच प्रश्न विचारला असता, तुझी गाडी कुठाय?

"नको हो, एवढे उपकार," मी म्हणाले. "दुपारपर्यंत होईलच. आम्ही आमच्या गाडीनं जाऊ."

बाबा खुर्चीवरून अर्धवट उठले होते. त्यांनी पिशवीही हातात घेतली होती. माझं बोलणं ऐकून ते पुन्हा बसले. पिशवी मांडीवर ठेवली.

सावंतांनी आणखी एकदा आग्रह केला, मग मात्र जाण्याऐवजी तेही बाह्या सारून कामाला लागले. थर्मोस्टॅट बसला. गाडी चालू करून ठेवली. काटा वर चढायला लागला. पुन्हा चढला. इक्बालभाईंनी कपाळाला हात लावला. मग वॉटर पंप उघडून पाहिला, तो ठणठणीत. ग्रुपवर कुणी तरी व्हिडिओ पाठवला, कुणी पंजाबातल्या मेकॅनिकचा नंबर. दुपार उतरली. हायवेवरून गाड्यांची रीघ चालली होती, मुंबईकडे, गोव्याकडे. बाबा त्यांच्याकडे बघत बसले होते.

"फॅन फिरताना दिसला का हो कुणाला?" सावंतांनी अचानक विचारलं.

कुणालाच दिसला नव्हता. रेडिएटरच्या पुढचा पंखा, इंजिन तापलं की आपोआप फिरायला हवा तो. इक्बालभाईंनी टॉर्च लावून आत पाहिलं आणि खालून एक वायर ओढून बाहेर काढली. कुरतडलेली. उंदरानं खाल्ली होती. परीक्षेच्या दिवसांत गाडी आमच्या इमारतीखाली कचऱ्याच्या डब्याशेजारी बरेच दिवस उभी होती, तेव्हाच कधीतरी. हायवेला वेगात वाऱ्यानं इंजिन थंड राहायचं, चढणीला हळू चाललं की तापायचं. एसी कोमट होत होता तोही यामुळेच. एवढ्या मोठ्या ग्रुपात कुणालाच सुचलं नव्हतं.

"पहिल्यांदा हेच बघायला हवं होतं," इक्बालभाई स्वतःवरच चिडले. "मी उगाच थर्मोस्टॅट धरून बसलो."

वायर जोडायला फारसा वेळ लागला नाही. पंखा घरघरत फिरला तेव्हा आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. जुनी गाडी असणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की गाडी चढणीला तापली तर आधी पंखा बघा, आणि उभी ठेवताना बॉनेटखाली तंबाखूची पुडी किंवा डांबरगोळ्या ठेवा. तोवर ऊन कललं होतं. गुहागरकडचा वळणावळणाचा रस्ता मला माहीत नाही, अंधारात चालवायची सवय नाही, म्हणून सकाळी निघायचं ठरवलं. मी मिलिंदला फोन केला. त्यानं उचलला नाही. मग निरोप टाकला, "आज मंडणगडातच. उद्या सकाळी निघतो. आत्याला सांग." थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं, "बरं. सावकाश या."

वेळणेश्वर

सकाळी निघालो आणि काटा जागचा हलला नाही. चिपळूण, मार्गताम्हाणे, शृंगारतळी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, त्यांवरून डोकावणारी काजूची झाडं, बाजारात फणसांचे ढीग. बाबा खुशीत होते. शृंगारतळीला त्यांनी गाडी थांबवायला लावली, अक्कासाठी मोगऱ्याचा गजरा घेतला आणि स्वतःशीच लाजल्यासारखं हसले. "तिला आवडतो. भावजी गेल्यापास्नं कोन आणतंय तिला?"

उतारावर समुद्र दिसला. अर्धचंद्रासारखा किनारा, माडांची दाट रांग, त्यांच्यामागे देवळाचं शिखर. "त्यो काय," एवढंच बाबा म्हणाले.

वाडीत गाडी पोचली. आत्याचं घर रस्त्याला लागूनच. पडवीत खाट होती, दोरीवर एक लुगडं वाळत होतं. दाराला कुलूप.

शेजारच्या घरातून कमलवहिनी धावत आल्या. आमच्या दोघांकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"तुमाला मिलिंदनं नाय सांगितलं?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. आत्याच्या पायांची सूज आठवडाभर होती. धाप लागत होती, आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून रात्री उशीला टेकून बसून राहायची. गुहागरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, ताबडतोब चिपळूणला न्या. ती हललीच नाही. "भाऊस येतोय उद्या माजा," म्हणायची. "त्याला जेवाय घालतंय, मग न्या कुठं न्यायचं ते." आम्ही दुसऱ्या दिवशी आलो नाही. मग ती म्हणाली, आजचा दिवस थांबा, आज येईल. काल दुपारी तिचे ओठ निळे पडायला लागले, तेव्हा मिलिंदनं तिचं न ऐकता गाडीत घातलं. चिपळूणला ऑक्सिजन लावला, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईला हलवा. संध्याकाळीच ते निघाले.

"मला ताकीद देऊन गेली," कमलवहिनी म्हणाल्या. "माज्या भावाला वाटेत काय कळवू नका, गाडीत घाबरल, असं."

बाबा पडवीत खाटेवर बसले. मी मिलिंदला फोन लावला. ते मुंबईत पोचले होते, आत्या अतिदक्षता विभागात होती.

"तुम्ही मंडणगडातून निघालात का?" त्यानं विचारलं.

तेव्हा मी त्याला खरं सांगितलं. आम्ही दोन दिवस खेडात होतो, भरणे नाक्यावर.

मग तो म्हणाला, "काल संध्याकाळी भरणे नाक्यावर थांबवली होती आम्ही गाडी. आईला पाणी हवं होतं. मी खाली उतरलो होतो."

कमलवहिनींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. भात, आमसुलाचं सार, तळलेली मांदेली. आत्यानं आमच्यासाठी आदल्या दिवशी भिजवून ठेवलेल्या वालांची उसळ त्यांनीच मग केली होती, नासायला नको म्हणून. बाबांनी ती भातावर घेतली आणि सगळी संपवली. हात धुऊन त्यांनी दोरीवरचं लुगडं काढलं, घडी घातली, कमलवहिनींच्या हातात दिली. गजरा खाटेच्या खुराला बांधला. मग गाडीत येऊन बसले. देऊळ, समुद्र, काही न बघता आम्ही परत फिरलो.

मुंबई

हॉस्पिटलात एका वेळी एकालाच आत सोडत. बाबा गेले. काचेतून मला दिसत होतं. आत्याच्या तोंडावर मास्क, दोन्ही हातांना नळ्या. तिनं डोळे उघडले, त्यांना ओळखलं, मास्कच्या आत ओठ हलवले. बाबा कान जवळ नेत होते, पुन्हा पुन्हा, आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. यंत्राचा आवाज मोठा होता. शेवटी त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि नुसती मान हलवत राहिले, सगळं समजल्यासारखी.

ती पुढे बोलू शकली नाही. पौर्णिमा झाल्यावर थोड्याच दिवसांत गेली.

विरारला मिलिंदच्या घरी बसलो होतो, तेव्हा तो हळूच म्हणाला, "तू खेडात आहेस हे माहीत असतं तर मी मामांना गाडीत घेतलं असतं. सगळ्या वाटेनं बोलली असती दोघं. चिपळूणपासून ती बोलतच होती गं, त्यांच्याबद्दलच."

"आणि तू खरं सांगितलं असतंस तर मी मिळेल त्या रिक्षानं त्यांना घेऊन आले असते," मी म्हणाले.

तो रागानं म्हणाला नव्हता, मीही नाही. ग्रुपवरच्या अनोळखी माणसांना मी गाडीची प्रत्येक खडखड सांगत होते. त्यानं डॉक्टरांचा प्रत्येक शब्द ऐकला होता. दोघांनीही एकमेकांना तेवढं सांगितलं नाही. कोपऱ्यात बसलेले बाबा झोपलेत असं आम्हाला वाटलं होतं.

"आमाला इचारायचं तरी," ते म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "मी काय घाबरलो नसतो. तीबी घाबरली नसती. आमी काय लहान पोरं हाव?"

डॉक्टरांनी मिलिंदला सांगितलं होतं की दोन दिवस आधी आणलं असतं तरी सांगता आलं नसतं, हृदय फार थकलं होतं. त्यानं ते मला पुन्हा पुन्हा ऐकवलं. मी ऐकून घेतलं.

आत्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम वेळणेश्वरला घरीच ठेवला. मी गाडी पूर्ण तपासून घेतली, वायरींना जाळी बसवली, सावंतांनी फोन करून कूलंट कुठलं घालायचं तेही सांगितलं. बाबा तयार होऊन खाली आले, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "एसटीनं जाऊया गो."

मी गाडीचं दार बंद केलं, पिशव्या उचलल्या आणि त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले. खिडकीची जागा त्यांना दिली. एसटी शहराबाहेर पडल्यावर कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला.

"आजोबा, कुठं जायचं?"

बाबा बाहेर बघत होते. मान न वळवता म्हणाले, "बहिणीकडं."

कंडक्टर यंत्रावर बोट ठेवून थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी पुढे वाकून त्याला हळू आवाजात गावाचं नाव सांगितलं.